सुप्याचा बाजार, तीन वर्षांचं खत आणि आपलं मिनिमम ड्यू

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा. ज्यांच्या घरात क्रेडिट कार्डाचं देणं थकलंय त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच. बाकीच्यांनी इतिहास म्हणून वाचली तरी चालेल.

महिनाभरापूर्वी एक पोरगा माझ्याकडे आला. वय तीसच्या आत, एमआयडीसीत कंत्राटावर कामाला होता, कंत्राट संपलं. खिशात तीन कार्डं. "दादा, पेपरात काही छापू नका, पण वाट सांगा," म्हणाला. सोबत आणलेल्या पिशवीत बँकेची पाकिटं होती. त्यातली निम्मी फोडलेलीसुद्धा नव्हती. मी विचारलं, एकूण किती देणं आहे? त्याला सांगता येईना. किती खर्च केला होता तेवढं आठवत होतं. त्याचे किती झाले, कसे झाले, हे माहीत नव्हतं.

ती न फोडलेली पाकिटं बघून मला थेट सुपे आठवलं. का, ते सांगतो.

सुपे म्हणजे आपलं बारामती तालुक्यातलं. पारनेरचं, हायवेवरचं सुपा नव्हे. दोन्हींत घोळ कायम होतो. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं हे सुपे. इंग्रजांच्या काळात ते भीमथडी तालुक्यात होतं आणि तिथला बाजार मोठा होता. १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी तिथं आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. तीन दिवसांनी पुण्याचा जिल्हा मॅजिस्ट्रेट तिथं पोचला. त्यानं वर कळवलं ते असं : एक घर जाळलेलं, डझनभर घरं फोडून रिकामी केलेली, आणि रस्त्यात कागद, धान्य, कापड जाळल्याचे राखेचे ढीग अजून पडलेले.

हे लोण पुढं शिरूर, इंदापूर, हवेली आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत गेलं. तीसहून जास्त गावं त्यात सापडली. ९५१ जणांना अटक झाली. इंग्रजांनी याला 'डेक्कन रायट्स' म्हटलं, आपण दख्खनचे दंगे म्हणतो. २०२५ च्या मे महिन्यात या गोष्टीला दीडशे वर्षं झाली. आपल्या भागात त्याचा साधा फ्लेक्ससुद्धा लागला नाही. एरवी कशाकशाचे लागतात, तुम्हाला माहीतच आहे.

या दंग्यात लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारानं खतं मुकाट्यानं बाहेर काढून दिली की बहुतेक ठिकाणी त्याला हात लावला नाही. नाही दिली तिथं मारहाण झाली, घर फुटलं. खत म्हणजे कर्जरोखा. अडाणी माणसाचा अंगठा, खाली चार ओळी, त्यात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक. तो कागद जळला की देणं गेलं, असं लोकांना वाटत होतं.

आता हे पेटलं कशानं, ते बघू. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात, 'सावकारांच्या जुलमामुळे'. तेवढंच नाही.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग इंग्लंडची भिस्त हिंदुस्थानवर आली. १८६२ मध्ये ब्रिटनच्या कापूस आयातीतला बहुतेक माल इथून गेला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना पैसा दिला, त्यांनी गावच्या सावकाराला दिला, आणि गावच्या सावकारानं शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. कापसाच्या एकरी शंभर रुपये उचल मिळायला लागली. त्या काळचे शंभर रुपये! कुणी मागायला गेलं नव्हतं. पैसाच दारात आला होता.

ओळखीचं वाटतंय का? "सर, तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे. सर, तुमची लिमिट दीड लाखावरून तीन लाख करतोय." हा फोन तुम्हाला कधी आला? पगार चालू होता तेव्हाच ना?

१८६५ ला युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, आपल्या मालाचा भाव पडला. वरच्या व्यापाऱ्यानं हात आखडला, म्हणून गावच्या सावकारानंही आखडला आणि जुनी बाकी मागायला लागला. नेमक्या त्याच सुमारास सरकारनं साऱ्याची नवी आकारणी आणली. वाढ साधीसुधी नव्हती, पन्नास ते शंभर टक्के. सारा रोख भरायचा आणि हप्त्याच्या दिवशीच भरायचा. पीक आलं का, भाव मिळाला का, हे कुणी विचारत नव्हतं. म्हणजे शेतकरी सावकाराकडे जात होता तो बऱ्याचदा सरकारचं देणं फेडायला.

पुढं दंग्याची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला. साऱ्याची वाढ हे दंग्याचं कारण आहे का, हे त्याला मुद्दाम बघायला सांगितलं होतं. आयोगानं सांगितलं, नाही, दोष सावकाराचा. सरकारनं नेमलेला आयोग दुसरं काय सांगणार, असा विचार माझ्यासारख्या वार्ताहराच्या मनात येतोच. ज्यांची दुकानं फुटली त्यांतले बरेच मारवाडी आणि गुजराती होते. म्हणून आजही काहीजण हा इतिहास एखाद्या समाजाकडे बोट दाखवायला वापरतात. मला ते पटत नाही. गावचा सावकार साखळीतली शेवटची कडी होता. लोकांना तोच दिसत होता, म्हणून मार त्यानं खाल्ला. रिकव्हरीच्या फोनवर बोलणारं पंधरा-सतरा हजार पगाराचं पोरगंही तसंच. त्याला शिव्या घालून व्याजदर कमी होत नाही.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. माझ्या मते तरी मुख्य.

१८५९ ला इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. साधं कर्जखत तीन वर्षंच कोर्टात चालेल, त्यानंतर त्यावर दावा नाही. हेतू चांगला होता. जुन्यापान्या खतांवर वर्षानुवर्षं व्याज चढवत बसायला सावकाराला जागा राहू नये. घडलं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलवायचा आणि नवं खत लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल, त्यावरचं थकलेलं व्याज, दोन्हींची बेरीज म्हणजे नव्या खतातलं मुद्दल. त्यावर परत व्याज. तीन वर्षांनी परत तेच. जोडीला मनोती, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायची रक्कम. आजच्या भाषेत प्रोसेसिंग फी. भरलेल्या पैशाची पावती नाही. जुनं खत फाडलं की नाही, याचा पत्ता नाही. आयोगापुढं एक प्रकरण आलं, त्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

आपल्याकडे त्याआधी दामदुपटीची रीत होती. थकलेलं व्याज कितीही झालं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे. हिंदू धर्मशास्त्रातला जुना नियम, गावात सगळ्यांना माहीत असलेला. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसायला लागल्यावर दुप्पट कशाची मोजायची? नवीन कागदावर तर सगळं मुद्दलच दिसतंय.

आता त्या पोराच्या पिशवीतलं एक पाकीट फोडू. हिशेब सोपा करण्यासाठी आकडे गोल करतो. बाकी एक लाख. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला साडेतीन, वर्षाचे बेचाळीस. एका महिन्याचं व्याज ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. झाले ४,१३०. आणि 'मिनिमम ड्यू' म्हणून छापलेली रक्कम, बाकीच्या पाच टक्के धरली तर ५,०००. म्हणजे पाच हजार भरल्यावर मुद्दलातून कमी झाले ८७० रुपये. कार्ड कपाटात ठेवून, एक रुपयाची खरेदी न करता वर्षभर असंच मिनिमम भरत राहिलात, तर साधारण ५७ हजार खिशातून जातात आणि बाकी राहते ९० हजार.

यात एखादी तारीख चुकली की लेट फी, त्यावर परत जीएसटी. शिवाय मागची बाकी उरलेली असताना नवी खरेदी केली की पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही राहत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. हे कितीतरी शिकल्या-सवरल्या लोकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. कोविडमध्ये आमचे पगार निम्म्यावर आले तेव्हा मी सात-आठ महिने मिनिमम भरत होतो आणि आपण नियमित भरतोय म्हणून छाती काढून फिरत होतो. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची सवलत दिली होती. कार्डालाही होती. पण हप्ता थांबला तरी व्याज चालू होतं. नंतर सरकारनं चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक तेवढा परत दिला, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या काळातलं व्याजावरचं व्याज घ्यायचं नाही असं सांगितलं. माझ्या खात्यात फरकाची रक्कम आली तेव्हा पहिल्यांदा मी स्टेटमेंट नीट वाचायला घेतलं.

परत १८७५ कडे येऊ. सुप्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावात ठिणगी पडली होती. १८७४ च्या डिसेंबरात कालूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा आणला आणि त्यांचं घर पाडलं. गाव चिडलं. सावकारांच्या शेतात कामाला जायचं नाही, त्यांच्या दुकानातून घ्यायचं नाही, न्हावी-धोबी-सुतारानं त्यांची कामं करायची नाहीत, असा बहिष्कार घातला. तो पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यापर्यंत पसरला. बहिष्कारानं भागलं नाही तेव्हा मग मे महिन्यात कागद जळले.

दंग्यांनंतर लगेच दुष्काळ पडला, १८७६ ते ७८ चा. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी सावकारांवर धाडी घातल्या, खतं जाळली, जुलैत ते पकडले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं कायदा केला, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढं याच कायद्याखालचा न्यायाधीश म्हणून काम केलं.

हा कायदा वाचायला मिळाला तर जरूर वाचा, नेटवर आहे. इंग्रजांच्या कायद्याची मी एरवी तारीफ करणार नाही, पण या कायद्यात बसून कुणीतरी नीट विचार केला होता. त्यात कोर्टाला सांगितलं होतं की समोर आलेल्या शेवटच्या खतावर जाऊ नका. पहिल्या दिवसापासून व्यवहार उकरा. खरोखर हातात किती रुपये पडले ते बघा. मुद्दलाचं खातं वेगळं मांडा, व्याजाचं वेगळं. मध्येच व्याज मुद्दलात घातलं असेल तर वाजवी कारणाशिवाय ते मुद्दल धरू नका. आणि जे निघेल त्याचे शेतकऱ्याला झेपतील असे हप्ते पाडून द्या. देणं थकलं म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद केलं. नवं खत गावच्या निबंधकासमोरच लिहायचं. पैसे भरले की पावती द्यायची, वर्षाला हिशेब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. दावा लावण्याआधी तडजोड करून देणारे मध्यस्थ नेमले. अगदीच हात टेकलेल्याला दिवाळखोरीचा अर्ज करायची सोयही होती.

म्हणजे आज आपण ज्याला रिपेमेंट प्लॅन, रिस्ट्रक्चरिंग म्हणतो, त्याचा कायद्यातला एक जुना पूर्वज आपल्या चार जिल्ह्यांतला आहे.

कायदा आला म्हणून सगळं गोड झालं असं नाही. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि पैसे फेडले की जमीन परत देईन असं तोंडी सांगायचं. मग कायद्यात दुरुस्ती करून, कागदावर विक्री असली तरी खरा व्यवहार गहाणाचा होता का ते तोंडी पुराव्यानं तपासायची मुभा कोर्टाला द्यावी लागली. हे खरेदीखताचं प्रकरण आपल्या भागात अजून मिटलेलं नाही, तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात जाऊन बघा. काही सावकारांनी धंदाच आखडला, त्यामुळे अडीनडीला पैसा मिळणं अवघड झालं. त्या पोकळीतून पुढं १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या आल्या. तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी लिहीन. लिहिलं की काही संचालक मंडळी माझ्याशी बोलायची बंद होतील, तो भाग निराळा.

मग आज १८७९ च्या कायद्यातलं काय शिल्लक आहे? हे त्या पोराला समजावताना मी स्वतःच शोधत गेलो.

दामदुपट सावकारासाठी शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दरही बांधलेत, बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के. पण बँका या कायद्याबाहेर. उलट बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून एक कलम आहे, २१ अ. बँकेनं लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावर कोर्टानं व्यवहार उकरायचा नाही. १८७९ चा कायदा म्हणत होता उकराच. हा म्हणतो उकरू नका. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं, कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल दिला होता. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. दर ठरवणं हा रिझर्व्ह बँकेच्या धोरणाचा विषय, आयोगाचा नाही. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण परवान्याचा सावकार १८ टक्के आणि कार्ड ४२ टक्के, हे मला अजून पचत नाही.

तरी काहीच हातात नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत एक वाक्य आहे. मिनिमम ड्यू इतकं असलं पाहिजे की ते भरूनही बाकी उलटी वाढत जाणार नाही. आणि न भरलेली फी, दंड, कर मुद्दलात घालून त्यावर व्याज आकारायचं नाही. वाचताना मला तीन वर्षांच्या खताची आठवण झाली. त्याच निर्देशांत आहे की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड द्यायचं नाही, लिमिट वाढवायची नाही. पूर्ण बाकी भरल्यावर कार्ड बंद करायचा अर्ज दिला तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना फोन करून बदनामी करायची नाही. करत असतील तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. त्यांचा माहितीचा नंबर १४४४८.

त्या पोराला सगळ्यात जास्त भीती होती ती पोलिसांची. फोनवरच्या माणसानं सांगितलं होतं, उद्या गाडी येईल. आली नाही. कार्डाचं देणं थकणं हा दिवाणी मामला आहे. ऐपतच नसताना नुसतं देणं थकलं म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय. मात्र एक खाच आहे. तडजोडीत पुढच्या तारखांचे चेक दिले किंवा खात्यातून परस्पर कापायची परवानगी दिली आणि ते परत गेले, तर फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून घाबरून, झेपणार नाहीत असे चेक लिहून देऊ नका.

मग आम्ही दोघं बसलो. सगळी पाकिटं फोडली. वहीत पहिल्या पानावर मुद्दल एकीकडे, व्याज, फी, कर एकीकडे. १८७९ च्या कोर्टानं केलं असतं तसं. तीन कार्डांची खरी खरेदी होती एक लाख बारा हजार. मागणी होती एक लाख शहाऐंशी हजार. पोरगा पाच मिनिटं काही बोलला नाही.

पुढं काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. किराणा, भाडं, लाइट बिल, लेकीची फी आधी काढली. हाताशी उरणारा आकडा खरा लिहिला, आशेचा नाही. तिन्ही बँकांना ईमेल केला : काम कोणत्या तारखेला गेलं, आता मिळकत किती, महिन्याला किती भरू शकतो, बाकीचे हप्ते पाडा, दर कमी करा, लेट फी माफ करा. बँकेवर हे मान्य करायचं बंधन नाही. एकीनं उत्तरच दिलं नाही. एकीनं अठरा हप्ते पाडले, दर निम्म्याच्या खाली आला. तिसरीनं एकरकमी सेटलमेंट देऊ केली. तेव्हा आधी लेखी पत्र घेतलं, त्यात रक्कम, तारीख आणि यानंतर बाकी नाही हे शब्द आहेत का बघितलं, मगच पैसे भरले, तेही बँकेच्या खात्यात. वसुलीवाल्याच्या हातात रोख दिली नाही. सेटलमेंट केली की क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढं काही वर्षं कर्ज मिळायला त्रास होतो, हे त्याला आधी सांगितलं. "आता कुणाला कर्ज घ्यायचंय, दादा?" म्हणाला.

त्याचे वडील शेत गहाण टाकायला निघाले होते. मी हात जोडून थांबवलं. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. त्यासाठी शेत गहाण टाकलं की विनातारण देणं तारणाचं होतं, आणि हप्ता चुकला की तुमच्या शेताच्या लिलावाची नोटीस निघते. ज्या पिढ्यांची जमीन अशी गेली त्यांचे नातू आज आपल्याच गावात दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात. बायकोचं सोनं बँकेत ठेवून स्वस्तात कर्ज काढायचं की नाही, यावर आमचं बरंच बोलणं झालं. हिशेबानं ते बरोबर होतं, दर चौथाईवर येत होता. पण सोनं तिचं आहे, तिला विचार, म्हटलं. ती नको म्हणाली. विषय संपला. ॲपवरून तासाभरात कर्ज घेऊन कार्ड भरायचा विचार त्याच्या मित्रानं डोक्यात घातला होता, तोही काढला. जुन्या खताच्या जागी नवं खत, दुसरं काय.

उत्तर न देणाऱ्या बँकेचा मामला आता लोकअदालतीत आलाय. तालुका कोर्टातून नोटीस आली तेव्हा घरात रडारड झाली. लोकअदालत म्हणजे शिक्षा नव्हे, तडजोड. तिथं बसून हप्ते मागता येतात. फक्त सही करण्याआधी आकडा नीट वाचायचा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. अगदी दावा चालून हुकूमनामा झाला तरी दिवाणी संहितेत कोर्टाला हप्ते पाडून द्यायचा अधिकार आहे. पण त्यासाठी तारखेला हजर राहावं लागतं. १८७५ च्या आधी कितीतरी हुकूमनामे एकतर्फी झाले, कारण शेतकरी कोर्टात गेलाच नाही. समन्स वाचता येत नव्हतं, पुण्या-नगरला जायला भाडं नव्हतं. आपल्याला वाचता येतं आणि एसटी आहे. तरी पाकीट फोडत नाही.

आणखी एक राहिलंच. १८५९ चा तीन वर्षांचा नियम आजच्या १९६३ च्या मुदत कायद्यातही आहे. जुनं, विसरलेलं देणं वसूल करणारे कधी कधी म्हणतात, "फक्त हजार रुपये भरा आणि एक कागद सही करा, फाइल बंद करू." मुदत संपण्याआधी देणं लेखी मान्य केलं किंवा सहीनिशी रक्कम भरली की तीन वर्षं तिथून परत मोजतात. देणं बुडवा असं मी म्हणत नाही, घेतलेलं द्यावंच. पण सही कशावर करतोय ते कळून करा.

देशात साध्या पगारदाराला झेपेल अशी दिवाळखोरीची वाट मात्र अजून धड नाही. २०१६ च्या संहितेत सामान्य माणसासाठी प्रकरण लिहिलंय, पण कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपलीकडे ते लागू केलेलं नाही. मोठ्या कंपन्यांची कर्जं निम्म्याहून कमी रकमेत मिटल्याच्या बातम्या आम्हीच छापतो. खालच्या माणसासाठी जिल्ह्याला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. आपल्या खासदारांना हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. पुढच्या पत्रकार परिषदेत मी विचारणार आहे, उत्तर आलं तर इथं टाकीन.

लोकअदालत पुढच्या शनिवारी आहे. पोरगा वही घेऊन जाणार आहे, मीही सोबत जातोय. आणि सुपे, करडे, शिरूर, श्रीगोंदा, पारनेर, इंदापूर भागातल्या कुणाच्या घरी ट्रंकेत जुनी खतं, पावत्या, मोडीतले कर्जरोखे असतील तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. मोडी वाचणारे एक गुरुजी आपल्या गावात आहेत, त्यांच्याकडून वाचून घेऊ. नाव सांगायचं नसेल तर सांगणार नाही.